गोषवाऱ्यातून निसटलेली वाडी: सातबारा ते डॅशबोर्ड

महसुली दप्तराबद्दल आपण नेहमी बोलतो ते जमिनीच्या अंगानं. कुणाची जमीन, किती सारा, कुठली कूळकायद्याची भानगड. आज त्याच दप्तराकडे आपण वेगळ्या बाजूनं बघणार आहोत. प्रश्न साधा आहे: नोंदीवरून अहवाल कसा तयार होतो? आणि तो तयार होताना काय गळतं?

हल्ली हे काम संगणक करतो. डेटाबेसमध्ये नोंदी असतात, त्यांना एसक्यूएल या भाषेत प्रश्न विचारला जातो आणि त्या प्रश्नामागचं तर्कशास्त्र पुढं पॉवर बीआयसारख्या साधनात सूत्रांच्या रूपात पुन्हा लिहावं लागतं. मग साहेबांच्या पडद्यावर डॅशबोर्ड झळकतो. हे पुनर्लेखन म्हणजे एक प्रकारचं भाषांतरच, आणि भाषांतरात जे होतं ते इथंही होतं. शब्द तेच राहतात, अर्थ थोडा सरकतो. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांच्या आधारानं आपण तो सरकलेला अर्थ शोधू. तालुके मुद्दाम निवडले आहेत, कारण शेवटी ज्या वाडीपाशी आपल्याला पोचायचं आहे ती तिथंच आहे.

दप्तरातला ग्रुप बाय

आधी जुनी गोष्ट. आपल्याकडे हिशेबाच्या दोन वह्या पूर्वीपासून आहेत. रोजकीर्दीत व्यवहार घडेल तसा लिहायचा, आणि खतावणीत तोच व्यवहार खात्यानुसार लावायचा. संगणकाच्या भाषेत रोजकीर्द म्हणजे मूळ तक्ता आणि खतावणी म्हणजे ग्रुप बाय. खतावणीवरून पुढं तेरीज, गोषवारा, ताळेबंद. वाण्याच्या दुकानातही हेच आणि सरकारी कचेरीतही हेच.

इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात रयतवारी पाहणी झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर भागातून काम सुरू केलं आणि १८४७च्या संयुक्त अहवालानं त्याची पद्धत पक्की केली. पुढं १८७९ साली जमीन महसूल कायदा आला. गावच्या हिशेबाचे नमुने ठरत गेले आणि अँडरसनच्या महसुली हिशेबांच्या नियमपुस्तकानं त्यांना आज ओळखीचं असलेलं रूप दिलं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ची. तिच्या काळातही गाव नमुने एक ते एकवीस हीच चौकट तलाठ्याच्या हाताशी राहिली.

आता हे नमुने डेटाबेसवाल्याच्या नजरेनं बघा. गाव नमुना एक म्हणजे आकारबंद: गट किंवा सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार. एका गटाला एक ओळ. नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, त्या गटावर कोणाचे हक्क आहेत ते. नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. सहा म्हणजे फेरफार, काय बदललं त्याचा क्रमवार इतिहास. आणि आठ-अ? तो सातवरूनच निघतो, फक्त गटाऐवजी खातेदारानुसार लावलेला. सातला खातेदारावर ग्रुप बाय लावा, आठ-अ मिळतो. बारावरून पिकांचा गोषवारा निघतो, आणि गावाच्या एकूण क्षेत्राचा व महसुलाचा गोषवारा नमुना पाचमध्ये. संगणक यायच्या कितीतरी आधी तलाठी हाताने क्वेरी चालवत होता.

तलाठ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: गोषवाऱ्याची बेरीज मूळ नमुन्याच्या बेरजेशी जुळलीच पाहिजे. जमाबंदीच्या वेळी वरचा अधिकारी नेमकं हेच तपासायचा. बेरीज जुळली नाही तर तलाठ्याला रात्र जागवावी लागे. ही जुळवणीची शिस्त लक्षात ठेवा, पुढं तिच्याकडे परत यायचं आहे.

समजा, एका गटाचं क्षेत्र दोन हेक्टर आहे आणि सातबाऱ्यावर चार भाऊ आहेत. गटांचा तक्ता आणि खातेदारांचा तक्ता एकमेकांना जोडला, म्हणजे जॉइन केला, की एका ओळीच्या चार ओळी होतात. प्रत्येक ओळीत क्षेत्र दोन हेक्टर. आता कुणी सरळ बेरीज केली तर गावात आठ हेक्टर जमीन निघते! तलाठ्याकडून ही चूक सहसा होत नसे, कारण समोर गट दिसत असे आणि चौघा भावांची तोंडंही ठाऊक असत. डॅशबोर्ड बनवणाऱ्याला फक्त ओळी दिसतात. म्हणून पहिला धडा असा: सूत्र लिहिण्याआधी विचारा, इथं एक ओळ म्हणजे काय? गट, खातेदार, की गट आणि खातेदार यांची जोडी?

आण्यांचं सूत्र

गोषवारा बेरजेचा असतो तोवर ठीक. गुणोत्तर आलं की गंमत सुरू होते. आपल्या महसुली इतिहासातलं सगळ्यात प्रसिद्ध गुणोत्तर म्हणजे आणेवारी. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक. प्रत्यक्ष पीक त्याच्या किती आणे आलं ते ठरवायचं, आणि त्यावरून सारा घ्यायचा की तहकूब करायचा ते ठरवायचं. मुंबई इलाख्यात पीक चार आणे किंवा त्याहून कमी आलं तर पूर्ण सारा तहकूब, असा नियम होता.

१९१८चा खेड्याचा सत्याग्रह याच आकड्यावरून झाला. खेडा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच. गांधीजी आणि वल्लभभाई एका बाजूला, सरकार दुसऱ्या बाजूला. नियम दोघांनाही मान्य होता. वाद होता मोजणीचा. रयत म्हणत होती पीक चार आण्यांच्या आत आहे, सरकारी अंदाज म्हणत होता वर आहे. एका सूत्राच्या उत्तरावर हजारो कुटुंबांची जप्ती अवलंबून होती. अहवालातलं सूत्र ही कोरडी गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी खेडा आठवावं.

दशमान नाणी आली आणि आणेवारीची पैसेवारी झाली. नजर अंदाज, सुधारित आणि अंतिम अशा पायऱ्यांनी ती जाहीर होते. पन्नास पैशांची रेषा शेतकऱ्याला तोंडपाठ असते. एसक्यूएलमध्ये लिहायचं तर गावावर ग्रुप बाय, उत्पन्नाची सरासरी, आणि शेवटी हॅविंग: सरासरी पन्नासहून कमी.

इथं व्हेअर आणि हॅविंग यांतला फरक नीट बघू या, कारण भाषांतरात तोच पहिल्यांदा घसरतो. व्हेअर मोजण्याआधी गाळतो, हॅविंग मोजल्यानंतर. 'पन्नासहून कमी उत्पन्न असलेले भूखंड घ्या आणि गावाची सरासरी काढा' हा एक प्रश्न. 'गावाची सरासरी काढा आणि पन्नासहून कमी असलेली गावं दाखवा' हा दुसरा. शब्द जवळजवळ तेच, उत्तरं पूर्ण वेगळी.

आता कर्जतला या. इथल्या शेतीत दोन जगं आहेत. खाली उल्हास नदीच्या आणि तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यात भातखाचरं. कर्जतचं भात संशोधन केंद्र प्रसिद्ध आहे. कर्जत नावाच्या भातजाती राज्यभर पेरल्या जातात. वर डोंगरउताराला वरकस जमीन, नाचणी आणि वरीची, बहुतेक ठाकूर आणि कातकरी वाड्यांची. महसुली गाव एकच, सरासरीही एकच. खालच्या खाचरानं वरच्या उताराला झाकलं तर सूत्रात काहीही चुकलेलं नसतं. चूक सूत्राच्या आधीची असते: मोजणीचं एकक गाव धरलं, तेव्हाच वाडी दिसेनाशी झाली.

दोन घराणी

आता संगणकाचा इतिहास थोडक्यात. आजचं अहवालातलं सूत्र दोन घराण्यांच्या सोयरिकीतून आलं आहे. पहिलं घराणं क्वेरीचं. १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी संबंधाधारित डेटाची कल्पना मांडली. १९७४ साली त्याच कंपनीतल्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी सीक्वेल ही भाषा मांडली, तीच पुढं एसक्यूएल. दुसरं घराणं तक्त्याचं. १९७९ साली ब्रिकलिन आणि फ्रँक्स्टन यांचं व्हिजिकॅल्क आलं: चौकटीत सूत्र लिहा, शेजारचा आकडा बदला, उत्तर आपोआप बदलतं. पुढं एक्सेलनं हेच घरोघरी नेलं. २०१०मध्ये एक्सेलसाठी पॉवर पिव्होट आणि त्याची डॅक्स ही सूत्रभाषा आली, आणि २०१५मध्ये पॉवर बीआय सर्वांसाठी खुलं झालं. डॅक्स दिसायला एक्सेलसारखी आहे, पण तिच्या पोटात डेटाबेसची रचना आहे. म्हणूनच ती फसवते.

दोन घराण्यांतला मूळ फरक असा. क्वेरी हा एकदाच विचारलेला, पूर्ण प्रश्न असतो. कुठला तालुका, कुठलं वर्ष, काय गाळायचं, सगळं त्यातच लिहिलेलं. अहवालातल्या सूत्राला अर्धाच प्रश्न माहीत असतो. उरलेला अर्धा वाचणारा माणूस बटण दाबून पुरवतो. त्यानं खालापूर निवडलं तर सूत्र खालापूरपुरतं मोजतं, जुलै निवडला तर जुलैपुरतं. डॅक्समध्ये कॅल्क्युलेट नावाचं कार्य आहे, त्यानं ही चौकट बदलता येते. ऑल लावलं की निवड बाजूला सारता येते. म्हणजे क्वेरीतला व्हेअर सूत्रात आणताना दर वेळी ठरवावं लागतं: ही अट वाचकाच्या हातात द्यायची की सूत्रात बांधून टाकायची? क्वेरी ओळ न् ओळ उतरवून काढली म्हणजे भाषांतर झालं, असं होत नाही.

गुणोत्तराचं उदाहरण घेऊ. आकडे काल्पनिक आहेत. एका वाडीत दहा मुलं, त्यांतली पाच कमी वजनाची: पन्नास टक्के. शेजारच्या मोठ्या गावात नव्वद मुलं, नऊ कमी वजनाची: दहा टक्के. तालुक्याचा आकडा काय? टक्क्यांची सरासरी काढली तर तीस. मुलं मोजली तर शंभरात चौदा, म्हणजे चौदा टक्के. जर कुणी गावनिहाय टक्केवारी आधीच एका रकान्यात काढून ठेवली असेल, तर वरच्या पातळीवर अहवाल बिनदिक्कत तीस दाखवेल. म्हणून गुणोत्तर कधी साठवून ठेवू नये. अंश आणि भाजक साठवावेत आणि भागाकार शेवटी करावा. पण हेही बघा, चौदा टक्के हा तालुक्याचा बरोबर आकडा आहे आणि त्यात त्या वाडीचे पन्नास टक्के दिसत नाहीत. बरोबर उत्तर आणि उपयोगी उत्तर नेहमी एकच असेल असं नाही.

शून्य आणि माहीत नाही

आता सगळ्यात नाजूक जागा. कातकरी कुटुंबं भाताची कामं आटोपली की वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडायला जातात, पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मधल्या महिन्यांत वाडीवर म्हातारी माणसं आणि कुलुपं. अंगणवाडीच्या यादीत मुलं आहेत, पण वजनाच्या दिवशी ती हजर नाहीत. या मुलांचं वजन शून्य नाही. ते माहीत नाही.

डेटाबेसमध्ये 'माहीत नाही'साठी नल आहे. नल अधिक पाच बरोबर नल, म्हणजे अजूनही माहीत नाही. डॅक्समध्ये त्याच्या जागी ब्लँक येतो, पण ब्लँकचा स्वभाव वेगळा. ब्लँक अधिक पाच बरोबर पाच. ब्लँक आणि शून्य यांची साधी तुलना केली तर डॅक्स म्हणतं, सारखेच. एका भाषेतलं 'माहीत नाही' दुसऱ्या भाषेत जाताना गुपचूप 'काही नाही' होऊन बसतं.

पुन्हा काल्पनिक आकडे: यादीत चाळीस मुलं, वजन झालं पंचवीस जणांचं, कमी वजनाची पाच. वजन झालेल्यांत प्रमाण वीस टक्के. यादीवरच्या सगळ्यांत साडेबारा टक्के. दुसरा आकडा देखणा आहे आणि तो खोटा आहे, कारण न मोजलेली पंधरा मुलं त्यानं निरोगी धरली. पहिलाही अपुरा आहे. अहवालानं तीन आकडे शेजारी शेजारी द्यावेत: यादीत किती, मोजली किती, कमी वजनाची किती. ही सुधारणा कुठल्याही महागड्या साधनाशिवाय होते.

अजून एक खुबी सांगतो, अनेकांना ती वेळेवर कळत नाही. ज्या वाडीत त्या महिन्यात एकही वजन नाही, तिचं उत्तर ब्लँक येतं, आणि पॉवर बीआय अशी ओळ तक्त्यात दाखवतच नाही. क्वेरीत आपण लेफ्ट जॉइन लिहून वाडी राखलेली असते, तक्त्यात ती गायब होते. मग कुणीतरी सुचवतो, सूत्राच्या शेवटी अधिक शून्य लिहा, ओळ परत येईल. येते खरी. पण आता तिच्यासमोर शून्य असतं, आणि साहेब वाचतात: या वाडीत कमी वजनाचं एकही मूल नाही. गायब झालेली वाडी परत आणताना आपण तिला निरोगी करून टाकली. त्यापेक्षा 'वजन झाले नाही' असे शब्द छापावेत.

याच्या उलटही घडतं. नोंद आहे, पण त्या वाडीचं नाव मुख्य यादीतच नाही. साध्या जॉइनमध्ये अशी नोंद गळते. पॉवर बीआय ती 'ब्लँक' नावाच्या ओळीखाली जमा करतं. ती ओळ दिसायला वाईट दिसते, म्हणून अनेक जण फिल्टर लावून झाकतात. खरं म्हणजे अहवालातली ती सगळ्यात प्रामाणिक ओळ. ती सांगत असते की तुमच्या यादीबाहेरही माणसं आहेत.

यादी कुणाची?

मुख्य यादी स्थिर असते असं आपण धरून चालतो. या भागाचा इतिहास तसं सांगत नाही. कर्जत तालुका पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. १८९१ साली तो कुलाब्यात आला. त्याआधी १८८३ साली पनवेल आलं होतं. खालापूर हा कर्जतच्या हाताखालचा महाल, नंतर स्वतंत्र तालुका. आणि १ जानेवारी १९८१ रोजी कुलाब्याचं नाव रायगड झालं. या बदलांची तारीखवार नोंद न ठेवता कुणी जिल्ह्याचा शंभर वर्षांचा आलेख काढला, तर त्यात कर्जतची माणसं एका वर्षी अचानक उगवतील, आणि कुलाबा व रायगड हे दोन वेगळे जिल्हे दिसतील.

जिल्ह्याचं, तालुक्याचं निदान राजपत्र निघतं. वाडीचं काय? महसुली दप्तराला गाव कळतं, मौजे कळतं. डोंगरावरची वाडी कुठल्या तरी मौजाच्या पोटात असते. कित्येक कातकरी वाड्या तर खासगी किंवा वनजमिनीवर उभ्या आहेत, त्यांना स्वतःचं गावठाण नाही. यादीचं एकक महसुली गाव असेल, तर वाडीला स्वतंत्र ओळ मिळतच नाही.

इर्शाळवाडी ही खालापूर तालुक्यातली अशीच एक वाडी. चौक ग्रामपंचायतीच्या हद्दीत, मोरबे धरणाच्या वरच्या अंगाला, इर्शाळगडाच्या उतारावर. ठाकूर समाजाची वस्ती. गाडीरस्ता नाही, चढून जावं लागे. १९ जुलै २०२३च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. त्यानंतर शासनानं सांगितलं की संभाव्य दरडग्रस्त गावांच्या यादीत या वाडीचं नाव नव्हतं.

इथं आपल्याला जपून बोललं पाहिजे. दरड पावसानं आणि डोंगरानं कोसळली, तक्त्यानं नाही. नाव यादीत असतं तर काय झालं असतं, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही; यादीत नाव असलेली गावंही दर पावसाळ्यात जीव मुठीत धरून राहतात. पण यादी कशासाठी असते? पाऊस वाढला की कुणाला हलवायचं ते पटकन कळावं म्हणून. जी वस्ती यादीत नाही, तिच्यासाठी धोक्याचं सूत्र कितीही अचूक लिहा, ते चालतच नाही. तिथं उत्तर शून्यही येत नाही आणि ब्लँकही येत नाही. तो प्रश्नच विचारला जात नाही.

आणि त्याच दिवसांत मोजणीचं महत्त्वही दिसलं. वाडीची लोकसंख्या २२८ धरली गेली. पण त्या रात्री वाडीत किती जण होते? काही मुलं आश्रमशाळेत होती, काही माणसं कामासाठी बाहेर. 'वाडीचे रहिवासी' आणि 'त्या रात्री वाडीत असलेले' हे दोन वेगळे प्रश्न, आणि बेपत्तांचा आकडा दुसऱ्यावर ठरणार. म्हणून आकडे रोज बदलत होते. २३ जुलैला शोधकार्य थांबलं तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते, ५७ जण बेपत्ता होते आणि १४४ जण हयात होते. २७, ५७ आणि १४४ यांची बेरीज २२८. ही बेरीज जुळवण्यासाठी आश्रमशाळांत, नातेवाइकांकडे, कामाच्या ठिकाणी एकेका माणसाचा शोध घ्यावा लागला. तलाठ्याची जमाबंदीची शिस्त आठवते ना? गोषवारा मूळ नोंदीशी जुळला पाहिजे. इथं मूळ नोंद म्हणजे माणसं होती.

मग करायचं काय

आज सातबारा डिजिटल सहीनं मिळतो. १५ ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवर पिकाची नोंद करतो. नोंदी पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक आहेत आणि त्यांच्यावरचे अहवालही. तेव्हा जे मित्र हे अहवाल बनवतात, आणि जे ते वाचून निर्णय घेतात, त्यांच्यासाठी या इतिहासातून निघणाऱ्या चार गोष्टी.

एक, सूत्राआधी एकक लिहा: एक ओळ म्हणजे काय, ते साध्या मराठीत. दोन, अंश आणि भाजक दोन्ही छापा, नुसती टक्केवारी नको. तीन, 'शून्य' आणि 'माहीत नाही' यांना एकाच रकान्यात एकाच रूपात बसू देऊ नका. चार, प्रत्येक अहवालाच्या तळाशी जुळवणीची एक ओळ ठेवा: मूळ तक्त्यात इतके, अहवालात इतके, फरक इतका. फरक शून्य नसेल तर तो झाकू नका, त्याच्या मागं जा. बहुतेक वेळा त्या फरकात एखादी वाडी असते.

आणि या सगळ्याच्या आधी, मुख्य यादी घेऊन कुणीतरी वर चढून जायला हवं. कर्जत-खालापुरात वाड्या मोजायच्या तर पावसाळ्याआधी, कुटुंबं भट्ट्यांवरून परतल्यावर, पायीच मोजाव्या लागतात. ते काम अजून कुठल्याही सूत्रात बसलेलं नाही.

आता प्रश्न घेऊ या.